अडीच स्टार

मुलुंड ते घाटकोपर, स्लो लोकल, पंधरा-सतरा मिनिटं. एवढ्या वेळात जगातला कुठलाही पिक्चर पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत सांगून होतो, असं आमच्या सोसायटीतल्या काकांचं म्हणणं आहे आणि गेली कित्येक वर्षं दर सोमवारी सकाळी ते हे सिद्ध करून दाखवतात. गाडी मुलुंडहून हलली की पिक्चरचं नाव आणि तिकिटाचा दर. नाहूरला हिरो कोण आणि त्याचं काय बिनसलंय. भांडुपला हिरॉइन, तिचा बाप आणि एखादं गाणं. कांजूरमार्गला इंटर्व्हल. विक्रोळीला खून कुणी केला. आणि घाटकोपरचा माणसांनी फुगलेला प्लॅटफॉर्म दिसायला लागला की स्टार.

स्टार अडीच. कायम अडीच.

ज्याला शेवट ऐकायचा नसेल त्यानं कांजूरला डबा बदलावा, असा आमच्या ग्रुपचा अलिखित नियम आहे. एकदा नाहूरला चढणारा एक नवा मुलगा तिकिटं काढून बसला होता म्हणून कानांत बोटं घालून थेट घाटकोपरपर्यंत उभा राहिला. धरायला हात मोकळा नाही, तरी पडला नाही. सकाळच्या लोकलमध्ये पडायला जागा लागते, ती कुणाकडे आहे?

फास्ट गाडी मिळाली की मात्र काका नाराज. मधली स्टेशनंच नाहीत, तर इंटर्व्हल घ्यायचा कुठे? "फास्टमध्ये ट्रेलर सांगता येतो, पिक्चर नाही," असं म्हणून ते दोन फास्ट सोडतात आणि मागून येणारी स्लो पकडतात. एवढी निष्ठा मी फक्त भजनी मंडळवाल्यांत पाहिली आहे, आणि त्यांना निदान टाळ वाजवायला मिळतात.

नवघर रोडच्या आतल्या बाजूला आमची सोसायटी. काका सी विंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी मरोळला एका कंपनीत, अकाउंट्सला. निवृत्ती जवळ आली आहे. पूर्वी ते दादरला उतरून पश्चिम रेल्वेनं अंधेरी गाठायचे. तेव्हाचे सोमवार मला आठवतात. दादरपर्यंतचा वेळ हातात असल्यामुळे गाण्यांच्या चाली, फाइटमधले आवाज, हिरोच्या मित्राची उपकथा, सगळं यायचं. मग ८ जून २०१४ ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. ११.४ किलोमीटरच्या त्या मार्गानं पूर्व आणि पश्चिम उपनगरं जोडली गेली, वेळ वाचला, वगैरे ठीकच आहे. आमच्या ग्रुपला मेट्रोबद्दल जी मनापासून कृतज्ञता आहे, तिचं कारण एवढंच की काकांचं परीक्षण त्या दिवसापासून निम्म्यावर आलं.

मेट्रोत काका बोलत नाहीत. एकदा माझं साकीनाक्याला काम होतं म्हणून मी त्यांच्याबरोबर चढलो. घाटकोपरला दार बंद झालं आणि काकांचं तोंडही. डबा गार, चकचकीत, आणि जो तो हातातल्या फोनवर काहीतरी बघतोय. मी विचारलं, "काका, इथं का नाही सांगत?" ते हळू आवाजात म्हणाले, "इथं सगळे बघतायत. बघणाऱ्याला काय सांगायचं?"

अडीचचं कोडं मी एकदा त्यांना थेट विचारलं. त्यांनी ते जमाखर्चासारखं समजावून दिलं. समजा तीन दिले. कुणीतरी आपल्या शब्दावर बायकामुलांना घेऊन गेला, हजार-बाराशे घातले आणि पिक्चर पडेल निघाला, तर पुढे वर्षभर तो जिन्यात भेटल्यावर आपल्याकडे ज्या नजरेनं बघणार ती नको. समजा दोन दिले आणि तोच पिक्चर गाजला, तर "तुम्हाला काय कळतं हो" ऐकायची तयारी ठेवा. अडीचला कुणाचं काही देणं लागत नाही. जाणारा जातो, न जाणारा जात नाही आणि दोघंही म्हणतात, काका बोलले होते.

याच अडीचचं शब्दांतलं रूप म्हणजे 'एकदा बघायला हरकत नाही'. मराठी माणसानं सिनेमाच्या धंद्याला दिलेला हा ना हरकत दाखला आहे. त्यात कौतुक नाही, निंदा नाही, फक्त हरकत नाही. मला तर वाटतं हे वाक्य सिनेमाइतकंच जुनं असणार. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रं मुंबईत पहिल्यांदा दाखवली, तिकीट एक रुपया. त्यातलं एक चित्र म्हणजे स्टेशनात शिरणारी आगगाडी. त्या काळचा रुपया मोजून स्टेशनात गाडी येताना बघायची! बाहेर पडताना धोतराचा सोगा सावरत कुणीतरी 'हरकत नाही' म्हटलंच असेल. आमचे काका असते तर म्हणाले असते, "गाडी वेळेवर आली, एवढंच. स्टोरी नाही."

काकांच्या परीक्षणात पिक्चरला जागा तशी थोडीच. बराचसा भाग खर्चाचा. रिक्षा एवढी, तिकीट एवढं, त्यावर बुकिंगचे वरचे पैसे एवढे, शंभराच्या वर तिकीट म्हणून जीएसटी अठरा टक्के, पॉपकॉर्नवर पाच. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि तिथं पॉपकॉर्नचा खल झाला. सुटं, मीठमसाल्याचं पाच टक्के. पाकीटबंद, छापील नावाचं बारा. कॅरॅमलवालं अठरा, कारण साखर घातली की ती मिठाई झाली. काकांना त्या वर्षी कुठल्याच पिक्चरनं एवढा आनंद दिला नाही. त्यांनी तो निर्णय आम्हाला मुलुंडपासून घाटकोपरपर्यंत रंगवून सांगितला, विक्रोळीला कॅरॅमलचे अठरा टक्के आल्यावर डब्यात हशा पिकला, आणि शेवटी काका म्हणाले, "तीन स्टार." अर्धा जास्तीचा त्यांनी केंद्र सरकारला दिला. नंतर दर बदलले तेव्हा ते जरा हिरमुसले होते, रिमेक निघाल्यासारखे.

खाण्याच्या बाबतीत त्यांचा कायदाही पक्का आहे. ३ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाहेरचे पदार्थ आत न्यायला मनाई करण्याचा हक्क थिएटरवाल्याला आहे, मात्र प्यायचं पाणी फुकट आणि चांगलं द्यायला हवं. सुनावणीत सरन्यायाधीशांनी जिलबीचं उदाहरण दिलं होतं: कुणी आत जिलबी नेली आणि चिकट बोटं खुर्चीला पुसली तर? काकांना हे सगळं पाठ आहे. मल्टिप्लेक्सच्या दारात पर्स तपासणाऱ्या मुलीला ते ऐकवतात, "पाणी आमचा हक्क आहे." ती बिचारी हो म्हणते. तेवढ्यात काकू शांतपणे आत गेलेल्या असतात. त्यांच्या पर्समध्ये, रुमालाखाली, छत्रीच्या घडीत, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा असतो. न्यायालयानं जिलबीचं नाव घेतलं, पुऱ्यांचं घेतलं नाही, असं काकूंचं म्हणणं.

आता मूळ गोष्टीकडे येतो. काकांच्या परीक्षणात एक वाक्य हमखास असतं: "फर्स्ट हाफ चांगलाय, सेकंड हाफ लांबवलाय." दीड तासाचा पिक्चर असो की सव्वातीन तासांचा, सेकंड हाफ लांबवलेला. बरीच वर्षं मला वाटायचं, या माणसाला पटकथेची काहीतरी नस सापडली आहे. २०२३ च्या जुलैत आम्ही दोघं 'ओपेनहायमर' बघायला गेलो आणि ती नस माझ्या खांद्यावरच सापडली.

इंटर्व्हलनंतर पाचेक मिनिटांत काकांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. श्वास संथ, तोंड अर्धवट उघडं, मांडीवर पॉपकॉर्नचा रिकामा डबा. पडद्यावर वाळवंटात अणुबॉम्बची चाचणी. ज्यांनी तो पिक्चर पाहिला आहे त्यांना माहीत असेल, स्फोट होतो तेव्हा आधी नुसता उजेड दिसतो, सगळं निःशब्द. आवाज मागून येतो. काकांना उजेड मिळाला नाही. आवाज मिळाला. ते दचकून ताठ बसले, "झालं?" म्हणाले, आणि पुढचा सगळा चौकशीचा भाग डोळे ताणून बघत राहिले. सोमवारी नाहूरला त्यांनी सांगायला सुरुवात केली: "तीन तासांचा पिक्चर. बॉम्ब एकदाच. बाकी सगळी आपल्या सोसायटीची जनरल बॉडी. एकजण बसलाय आणि दहाजण त्याला विचारतायत, तेव्हा तुम्ही असं का केलंत."

मला ते पटलं, हेच वाईट.

तर सेकंड हाफ लांबतो तो असा. माणूस झोपतो, उठतो, तरी पिक्चर चालूच. त्याच्या दृष्टीनं ही लांबणच नाही का? बरं, असा स्फोट सोडला तर एरवी काकांची झोप आवाजात लागते आणि शांततेत मोडते, गिरणीच्या आसपास वाढलेल्या माणसासारखी. याचा सगळ्यात मोठा फटका 'सैराट'ला बसला. एप्रिल २०१६ चा शेवट, सगळा महाराष्ट्र त्या गाण्यांवर नाचत होता. काका-काकू ठाण्याला गेले. शेवटच्या प्रसंगात त्या लहान मुलाची पावलं दिसतात आणि आवाज पूर्ण बंद होतो. अख्खं थिएटर गोठलेलं, कुणाचा हुंदकाही बाहेर येत नव्हता. त्या शांततेनं काका जागे झाले, मागे वळले आणि प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघून ओरडले, "अरे, आवाज!"

काकू त्यानंतर दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. म्हणजे काकांच्या घरातही आवाज गेला होता.

मग विक्रोळीचा भाग काकांना कळतो कसा? ही खरी मेख आहे. तो काकू सांगतात, परतीच्या रिक्षात. काकू सगळा पिक्चर ताठ बसून, पापणी न लववता बघतात आणि एक चकार शब्द बोलत नाहीत, कारण त्यांना कुणी विचारत नाही. घाटकोपरहून मुलुंडपर्यंत एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये त्या शेवट सांगतात, काका मान डोलवतात, आणि सोमवारी तोच शेवट उलट्या दिशेनं लोकलमधून प्रवास करतो. 'कोर्ट' बघून आले तेव्हा काकांचं मत होतं की कॅमेरा एका जागी ठेवून कॅमेरामन चहाला गेला होता. काकूंनी रिक्षात सांगितलं, अहो, शेवटी तो न्यायाधीश सुट्टीत बागेतल्या बाकावर डुलकी काढतो. काका म्हणाले, "हे मात्र अगदी खरं दाखवलंय."

ही पुरवठ्याची साखळी एकदाच तुटली. ३० जून २०२३ ला 'बाईपण भारी देवा' लागला. सहा बहिणी, मंगळागौर, आणि थिएटरबाहेर नऊवारी नेसून गॉगल लावलेल्या बायकांचे घोळके. आमच्या सोसायटीतूनही बारा जणी गेल्या. नवरे वर्ज्य. काकू रात्री आल्या त्या हसतच आल्या, स्वयंपाकघरात गेल्या, तिथंही हसल्या. काकांनी जमेल तेवढ्या सहजपणे विचारलं, "काय आहे पिक्चरमध्ये?" काकू म्हणाल्या, "तुम्हाला नाही कळायचं." सोमवारी परीक्षण कांजूरमार्गला संपलं. विक्रोळीला काका खिडकीबाहेर बघत राहिले. घाटकोपरला तरी अडीच दिलेच. न बघितलेल्या पिक्चरला अडीच देताना त्यांचा आवाज जरा खाली होता एवढंच.

घरी बघायच्या पिक्चरची तऱ्हा निराळी. कोविडमध्ये मार्च २०२० ला थिएटरं बंद झाली, मध्ये अर्ध्या खुर्च्यांवर उघडली, पुन्हा बंद झाली, आणि महाराष्ट्रात २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. या काळात काका मल्याळम झाले. सबटायटल वाचायला जवळचा चष्मा, माणसं बघायला लांबचा. दोन्ही एकदम लावता येत नाहीत म्हणून त्यांनी वाचायचं ठरवलं. त्यांना त्या पिक्चरांतले संवाद उत्तम माहीत आहेत, नट ओळखू येत नाहीत. दाढीवाला कुणीही दिसला की तो फहाद. हिंदी 'दृश्यम'चं नाव कुणी काढलं की ते डोळे मिटून सांगतात, "मूळचा मोहनलालचा, २०१३." हिंदीतला आपल्या निशिकांत कामतांनी केलाय आणि चांगला केलाय, हे सांगायला त्यांना मागाहून आठवतं.

त्या काळात त्यांच्या घरी 'द ग्रेट इंडियन किचन' लागला. मी ही हकिकत काकूंकडून ऐकली आहे. पडद्यावर ती सून भाज्या चिरतेय, भांडी घासतेय, ओटा पुसतेय, सिंकमधला खरकट्याचा बोळा काढतेय, परत भाज्या चिरतेय. काकांनी सोफ्यावरून चहा मागितला. काकूंनी केला. वीस मिनिटांनी काकांनी पुन्हा म्हटलं, "अर्धा कप होईल का?" काकूंनी रिमोट उचलला, पिक्चर थांबवला आणि नुसतं बघितलं. पडद्यावर ती सून थांबलेली, सोफ्याजवळ ही. त्या संध्याकाळी चहाचे कप काकांनी विसळले. घासले नाहीत, विसळले. त्यांचं परीक्षण मात्र ठरलेलं: "चांगलाय, पण स्वयंपाक फार दाखवलाय."

मत देणारी माणसं काय, सगळ्याच उपनगरांत असतात, पण पाण्याची चव बदलावी तसं मत बदलतं. काकांच्या ऑफिसात वर्सोव्याचा एकजण आहे. त्या भागातला माणूस पिक्चर बघत नाही, शेवटची नावं बघतो. आरामनगरच्या गल्ल्यांत ऑडिशनच्या रांगांमधून वाट काढत रोज घरी जायचं म्हटल्यावर त्याचंही बरोबर आहे. हिरो कसा वाटला विचारलं तर सांगेल, "तिसरा असिस्टंट माझ्या जिममध्ये येतो." घाटकोपरचे एक शेअरबाजारवाले आहेत. ते पिक्चरला न जाता त्याचा भाव बघतात: पहिल्या तीन दिवसांत किती केलं, दुसऱ्या शुक्रवारी टिकला का. आणि काकांचे मेहुणे बोरिवलीला. त्यांचं माप एकच, पैसा वसूल किंवा नाही. मधलं काही नाही. काकांचं आणि त्यांचं 'अॅनिमल'वरून जुंपलं तेव्हा महिनाभर फोन गाजत होता. प्रत्यक्ष भेट झाली नाही ते बरं. मुलुंड आणि बोरिवली यांच्या मधे अख्खं नॅशनल पार्क पसरलं आहे, आणि भावोजी-मेहुण्यांच्या वादात ती शांतता बिबट्यांनी राखली आहे.

थिएटरांबद्दल मात्र काका मत देत नाहीत, पत्ते देतात. मुलुंडचं जवाहर आणि मेहुल, घाटकोपरचं ओडियन आणि श्रेयस, बोरिवलीचं अजंठा आणि जया, अंधेरीचं नवरंग. कुठे कोणता पिक्चर, बाल्कनी की स्टॉल, बरोबर कोण होतं, हे सगळं त्यांना अजून तोंडपाठ. रिक्षावाल्याला ते आजही ही नावं सांगतात आणि जुना रिक्षावाला असला तर मुकाट्यानं मीटर टाकतो.

मला या माणसाचं मूळ कळलं ते एका पावसाळी संध्याकाळी, गाडी भांडुपला अडकून पडली होती तेव्हा. २०२४ च्या सप्टेंबरात 'तुंबाड' पुन्हा लागला होता आणि काका तो सांगत होते, "पाऊसच पाऊस. बाहेर आलो तर मुलुंडलाही पाऊस. मला कळेना पिक्चर संपला की नाही." गाडी हलेना. सांगून संपलं. तेव्हा वेळ काढायला म्हणून त्यांनी लालबागचं सांगितलं.

वडील गिरणीत. चाळीतल्या सगळ्या पोरांकडे पिक्चरचे पैसे एकदम कधी नसायचे. मग वर्गणी. पाच जणांचे पैसे, एकाचं तिकीट. ज्याचं पाठांतर चांगलं त्यानं भारतमाता थिएटरला जायचं आणि रात्री जिन्यात बाकीच्या चौघांना पिक्चर सांगायचा. हे काम काकांकडे होतं. नुसती गोष्ट चालत नसे. घोड्यांच्या टापा, दाराची करकर, तबला, गाण्यातली मधली बासरी, सगळं तोंडानं. एक फाइट गाळली तरी पोरं हिशेब मागायची. दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला १९७५ ला, तेव्हा हे नऊ वर्षांचे. एकही वाक्य न गाळता जसंच्या तसं सांगितलं. वरच्या गॅलरीत बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. यांना वाटलं आपण रंगलोय, म्हणून आवाज चढवला. तेवढ्यात वडील पाळीवरून आले आणि दोन ठेवून दिल्या. "कुठल्या वाक्याबद्दल मार बसला," काका म्हणाले, "ते मला सातवीत गेल्यावर कळलं."

"तेव्हा झोप लागायची का हो पिक्चरमध्ये?" मी विचारलं.

"झोपायची काय टाप! चौघांचे पैसे होते त्यात."

पुढे चाळीत टीव्ही आला. रविवारी संध्याकाळी अख्खी चाळ एका खोलीत दाटीवाटीनं बसून पिक्चर बघायला लागली. सांगणाऱ्याचं काम संपलं. वडिलांची नोकरी १९८२ च्या संपात गेली. मुलाची त्याआधीच टीव्हीनं घेतली होती. तेवढ्यात गाडी हलली आणि काका एकदम म्हणाले, "तर तुंबाड, अडीच."

आता शेवटचं सांगतो. बी विंगमधला एक मुलगा कॉलेजात मास मीडिया शिकतो. त्यानं गेल्या वर्षी एक शॉर्ट फिल्म केली, चौदा मिनिटांची. नाव इंग्रजी आणि सगळी अक्षरं बारकी. विषय एकटेपणा. शूटिंग आमच्याच बिल्डिंगमध्ये, गच्चीवरची टाकी, जिना, मीटरची खोली. पैसे नसल्यामुळे नट सोसायटीतलेच. काकांना रोल मिळाला: लिफ्टपाशी उभा असलेला माणूस. वाक्य एक. 'लिफ्ट बंद आहे.'

काकांनी आठ दिवस तालीम केली. ही बातमी आहे, तक्रार आहे की कबुली, यावर त्यांनी लोकलमध्ये आमची मतं घेतली. 'लिफ्ट' वर जोर द्यावा की 'बंद' वर, यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडले. घरी काकू ऐकून घेईनात, म्हणून ते रोज संध्याकाळी प्रत्यक्ष लिफ्टसमोर उभे राहून सराव करायचे. पाचव्या मजल्यावरच्या वहिनी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन आल्या, काका खोल आवाजात म्हणाले, "लिफ्ट बंद आहे," आणि त्या पाच मजले जिन्यानं चढून गेल्या. लिफ्ट चालू होती. त्या वहिनी अजून काकांशी बोलत नाहीत; काकांच्या मते कामाला मिळालेली ती पहिली दाद.

गणपतीत, आरतीनंतर, पार्किंगमध्ये पडदा लावून फिल्म दाखवली. काका पहिल्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट, प्लॅस्टिकच्या खुर्चीत पाठ न टेकता. चौदा मिनिटं पापणी हलली नाही. मी त्यांच्या मागेच होतो, नजर ठेवून. टाकीतून थेंब गळला. जिना आला. मीटरची खोली आली. लिफ्टचं जाळीचं दार आलं, त्याच्या खाली कडेला कुणाच्या तरी चपला क्षणभर दिसल्या, आणि एकदम गच्ची आली. मग नावं.

"चपला तुमच्या वाटत होत्या," काकू हळूच म्हणाल्या.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. मुलगा धावत आला, उत्साहानं लाल झालेला, आणि सगळ्या पार्किंगसमोर त्यानं विचारलं, "काका, किती?" सगळे थांबले. सेक्रेटरी प्रसादाची परात हातात घेऊन थांबले. काका उठले, खुर्ची नीट सरकवली आणि म्हणाले, "साऊंड चांगला आहे." आणि लिफ्ट चालू असताना जिन्यानं वर गेले.

पुढच्या सोमवारी गाडीत कुणी विषय काढणार नाही असं आम्ही आपापसांत ठरवलं होतं. मुलुंड सुटलं. काका स्वतःच म्हणाले, "परवा एक पिक्चर बघितला. तिकीट फुकट." नाहूर. त्या दिवशी खर्च नव्हता, टक्के नव्हते. टाकीचा थेंब त्यांनी जीभ टाळ्याला लावून वाजवला. शेजारचे पत्ते खेळणारे थांबून बघायला लागले. जिन्यावरच्या पावलांचे आवाज बोटांनी डब्याच्या पत्र्यावर. भांडुप. लिफ्टच्या जाळीचा खडखडाट दातांतून. कांजूरमार्ग आलं, इंटर्व्हल झाला नाही. कुणी डबा बदलला नाही. विक्रोळीच्या अलीकडे त्यांनी आवाज खाली घेतला.

"आणि मग एक माणूस येतो. साधा. ऑफिसातून आलाय, हातात डबा. लिफ्टपाशी उभा राहतो. बटण दाबतो. वाट बघतो. कुणी नाही आसपास. मग तो म्हणतो," काका थांबले, आणि असं काही म्हणाले की दारावरचा माणूससुद्धा आत वळला, "लिफ्ट... बंद आहे."

कुणीतरी विचारलं, "नट कोण?"

"नवीन आहे," काका म्हणाले. "पण काम बरं केलंय."

त्यानंतर गच्ची, आणि गच्चीवर तो माणूस परत आला, आणि पाचव्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन जिना चढल्या, आणि असं बरंच काही, जे चौदा मिनिटांत कुठेच नव्हतं. घाटकोपर आलं. निम्मा डबा उतरला, तेवढाच चढला. काका बोलतच होते. मी त्यांना हाक मारायला हवी होती. नाही मारली.

विद्याविहारला त्यांनी बाहेर बघितलं, "अरे!" म्हणाले आणि पिशवी छातीशी धरून घाईघाईनं उतरले. मी दारापाशी सरकलो. गाडी हलली तेव्हा मी ओरडलो, "काका, स्टार?"

ते पुलाकडे निघाले होते. वळून, दोन्ही हात तोंडाशी धरून म्हणाले, "सेकंड हाफ अजून थोडा हवा होता!"